स्वादुपिंडात पेरलेले औषध : बातमी किती, उपचार किती?

कर्करोगावर रामबाण उपाय सापडल्याची बातमी वर्षातून दोन-चार वेळा तरी आपल्या वाचनात येते. पूर्वी अशा बातमीची कात्रणे खिशात घालून लोक दवाखान्यात येत, आता मोबाईल पुढे करतात. सध्या विचारणा होते ती स्वादुपिंडाच्या कर्करोगाबद्दल. गाठीच्या आतच औषधाची कांडी बसवायची, ती हळूहळू विरघळते आणि गाठ जागच्या जागी मरते, असे लोकांच्या कानावर आले आहे. ‘आमच्या अण्णांना ती बसवता येईल का? कितीही खर्च होऊ दे,’ असे विचारणाऱ्या मुलाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. म्हणून आजचा लेख या औषधावर आणि त्याहीपेक्षा त्याच्या चाचणीवर.

लपून बसणारा अवयव

स्वादुपिंड हा जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा पसरलेला साधारण १५ सेंटीमीटर लांबीचा अवयव. अन्न पचवणारा रस तयार करणे आणि इन्शुलिन तयार करून रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे ही त्याची दोन मुख्य कामे. तो इतका खोलवर असतो की, पोट तपासताना सहसा हाताला लागत नाही. त्यामुळे तिथे गाठ वाढू लागली तरी बराच काळ कोणाला पत्ता लागत नाही. निदान होते तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस रुग्णांचीच गाठ शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगी उरलेली असते.

२०२२ या एका वर्षात जगात सुमारे ५ लाख १० हजार लोकांना हा रोग झाल्याचे निदान झाले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ६७ हजार लोक त्याने दगावले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, यातच या रोगाचा स्वभाव कळतो. अमेरिकेसारख्या देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे.

आपल्या शेजारच्या गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे उदाहरण वाचकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले, पुढे अमेरिकेत उपचार झाले, मग दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असतानाही त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. उत्तमातले उत्तम उपचार मिळूनही वर्षभराच्या आसपासच अवधी मिळाला. अशा रोगात नव्या औषधाच्या बातमीने घरच्यांचा जीव वरखाली होणे अगदी स्वाभाविक आहे.

इथे एक खुलासा. ‘अ‍ॅपल’ कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज हा रोग होऊन आठ वर्षे जगले, मग आमचा रुग्ण का नाही, असे काही जण विचारतात. जॉब्ज यांची गाठ स्वादुपिंडातलीच, पण संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींची, म्हणजे वेगळ्या जातीची व मंद वाढणारी होती. अवयव एक असला तरी रोग निराळा. एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याचा हिशेब मांडू नये.

पाटपाणी आणि ठिबक

आता या औषधामागची कल्पना पाहू. आपल्याकडच्या ऊस उत्पादकाला ती चटकन समजेल. पाटाने पाणी सोडले तर ते सगळ्या रानभर पसरते, मुळापर्यंत थोडे पोचते आणि जमीन मात्र खराब होते. ठिबकने पाणी दिले तर थेंब थेंब मुळाशीच पडतो.

शिरेतून दिलेली केमोथेरपी हे पाटपाणी आहे. औषध साऱ्या शरीरात फिरते. त्यामुळे केस जातात, तोंड येते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. स्वादुपिंडाच्या गाठीत अडचण आणखी मोठी असते. या गाठीभोवती तंतुमय पेशीजालाचे घट्ट कवच तयार होते, आतल्या रक्तवाहिन्या दबल्या जातात आणि रक्तातून आलेले औषध गाठीच्या गाभ्यापर्यंत पुरेसे पोचत नाही. तेव्हा औषध गाठीतच ठेवले तर? असा विचार शास्त्रज्ञांनी केला.

कल्पना तशी नवी नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात ती औषध लावलेली स्टेंट आता आपल्याला परिचयाची आहे. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात पोटाच्या कातडीखाली गोसेरेलिन या औषधाची बारीक कांडी टोचतात, ती महिना किंवा तीन महिने काम करते. मेंदूतील गाठ काढल्यावर त्या पोकळीत कार्मुस्टिन या औषधाच्या चकत्या ठेवण्यास अमेरिकेत १९९६ साली परवानगी मिळाली.

स्वादुपिंडासाठी दोन वाटांनी प्रयत्न झाले. पहिली वाट इस्राएलमधली. या रोगाच्या शंभरातल्या सुमारे नव्वद रुग्णांच्या गाठीत ‘केरास’ नावाच्या जनुकात बिघाड असतो. त्यातल्या एका विशिष्ट बिघाडाचा आवाज बंद करणारे आरएनए-औषध विरघळणाऱ्या पॉलिमरच्या, काही मिलिमीटरच्या कांडीत भरले. तोंडावाटे दुर्बीण जठरात उतरवून, तिच्या टोकाशी असलेल्या सोनोग्राफीने गाठ पाहत सुईने ती कांडी गाठीत सोडायची. औषध सुमारे चार महिने झिरपत राहते. सोबत नेहमीची केमोथेरपी चालूच.

दुसरी वाट अमेरिकेतील एमआयटी आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल इथल्या संशोधकांची. त्यांनी पॅक्लिटॅक्सेल हे जुनेच औषध भरलेली लवचिक पट्टी तयार केली. ती गाठीवर चिकटवल्यासारखी बसवायची. शिरेतून दिलेल्या औषधापेक्षा ही पद्धत १२ पटींपर्यंत परिणामकारक ठरू शकते, असे २०१६ साली जाहीर झाले. ‘१२ पट’ हा आकडा मथळ्यात ठळक आला. तो प्रयोग उंदरांवर झाला होता, हे मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटले. अशा पट्टीची माणसांवरची चाचणी पुढे काही वर्षांनी सुरू झाली, तीही पहिल्या टप्प्याची.

चाचणीच्या तीन पायऱ्या

‘चाचणी यशस्वी’ एवढे वाचून हुरळून जाण्यापूर्वी कितव्या टप्प्याची चाचणी, हे पाहायला शिकले पाहिजे. पहिल्या टप्प्यात थोड्या रुग्णांना औषध देऊन ते सोसते का आणि किती मात्रा द्यावी एवढेच पाहतात. दुसऱ्या टप्प्यात काही परिणाम दिसतो का याचा अंदाज घेतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडतात. एका गटाला नेहमीचा उपचार, दुसऱ्याला नवा. दोन्हींची तुलना झाल्यावरच नवे औषध सरस की नाही ते ठरते. चिठ्ठी टाकण्याचे कारण साधे आहे. डॉक्टरने निवड केली तर तो नकळत धडधाकट रुग्णच नव्या औषधाला देईल, आणि मग ते औषध उगीचच गुणकारी वाटेल.

इस्राएलमधल्या कांडीच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण होते १५. स्कॅनवरून पडताळणी करता आली ती १२ जणांची. त्यांपैकी कोणाचीही गाठ त्या काळात वाढली नाही, दोघांची लहान झाली. निम्मे रुग्ण १५ महिन्यांहून अधिक जगले. ऐकायला चांगले वाटते आणि खरोखरच आशादायक आहे. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, सर्वांना केमोथेरपीही चालू होती आणि रोग दूरवर न पसरलेलेच रुग्ण घेतले होते. श्रेय कांडीचे किती, केमोचे किती आणि रुग्णांच्या निवडीचे किती, हे १५ जणांवरून सांगता येत नाही. संशोधकांचा उद्देशही तो नव्हता. कांडी बसवणे सुरक्षित आहे का, एवढेच त्यांना पाहायचे होते.

टीएनएफेरेडचा धडा

मी इतका हात आखडता का घेतो, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. टीएनएफेरेड नावाचे एक जनुकीय औषध असेच सुईने थेट स्वादुपिंडाच्या गाठीत टोचले जात असे. सुरुवातीच्या लहान चाचण्यांनी मोठ्या आशा निर्माण केल्या. मग ३०४ रुग्णांची तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. तिचा निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्या गटाचा मध्यम आयुष्यकाळ १० महिने, न मिळालेल्या गटाचाही १० महिने. फरक शून्य.

असे का घडते? हा रोग बऱ्याचदा गाठीपुरता राहत नाही. स्कॅनमध्ये दिसण्यापूर्वीच त्याच्या सूक्ष्म पेशी यकृतात जाऊन बसलेल्या असतात. बांधावरचा एक खड्डा बुजवला आणि पाणी दुसरीकडून फुटले, तसा हा प्रकार. म्हणूनच गाठीत ठेवायच्या औषधाचा उपयोग झालाच तर तो रोग एकाच जागी असलेल्या, पण रक्तवाहिन्यांना चिकटल्याने शस्त्रक्रिया न होणाऱ्या रुग्णांना होण्याची शक्यता अधिक. यकृतात पसरलेल्या रोगात एकट्या कांडीने काम होईल, अशी अपेक्षा धरू नये. शिवाय सुई टोचण्यात स्वादुपिंडाला सूज, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके आहेतच.

याच्या उलट उदाहरणही सांगतो. चार औषधांचे मिश्रण असलेली ‘फोल्फिरिनॉक्स’ ही केमोथेरपी २०११ साली ३४२ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीतून पुढे आली. जुन्या जेमसिटाबिनने मध्यम आयुष्यकाळ ६.८ महिने, हिने ११.१ महिने. चार महिन्यांची ही भर बाहेरच्याला किरकोळ वाटेल, घरच्यांना वाटत नाही. ती मिळाली, कारण त्या ३४२ जणांनी चाचणीत भाग घेतला. म्हणून चाचणीला नाक मुरडणेही चूक आहे.

‘आमच्यावर प्रयोग करणार काय?’

चाचणी म्हटले की आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. एक, ‘आम्ही काय उंदीर आहोत?’ दुसरी, ‘कसलेही असू दे, पण नवे औषध द्या.’ दोन्ही टोके सोडून मधली वाट धरली पाहिजे.

पहिली भीती निराधार नाही. गरीब रुग्णांना पुरेशी कल्पना न देता चाचण्या झाल्याच्या तक्रारी या देशात झाल्या आहेत. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, न्यायालयाने सरकारला धारेवर धरले आणि २०१३ पासून नियम कडक झाले. आता २०१९ ची नवी औषधे व वैद्यकीय चाचणी नियमावली लागू आहे. तीनुसार रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत लेखी माहिती द्यावी लागते, नीतिविषयक समितीची मान्यता लागते, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते. रुग्ण कधीही, कारण न सांगता चाचणीतून बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारात खंड पडता कामा नये. चाचणीची नोंद भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि ती संगणकावर कोणालाही पाहता येते.

माझे स्पष्ट मत असे की, आपल्या रुग्णांना चाचण्यांपासून दूर ठेवणे म्हणजे दुसऱ्यांनी घेतलेल्या जोखमीचे फळ वीस वर्षांनी चढ्या भावाने विकत घेणे. पण माहिती इंग्रजीत, अर्ज इंग्रजीत आणि घाईघाईत अंगठा, अशी चाचणी नको. चालू चाचण्यांची माहिती सोप्या मराठीत जिल्हा पातळीवर मिळाली पाहिजे. आपल्या सीपीआर रुग्णालयात अशी यादी लावायला फार पैसा लागणार नाही.

जमीन विकण्यापूर्वी

शिरोळकडील एका बागायतदार कुटुंबाने परदेशातील एका केंद्राचे पत्रक माझ्यापुढे ठेवले होते. वडिलांच्या गाठीत औषध बसवून मिळेल, त्यासाठी दोन एकर काढायची तयारी चालली होती. मी त्यांना त्या केंद्राला तीन प्रश्न कळवायला सांगितले. ही चाचणी कितव्या टप्प्याची? आजवर किती रुग्णांना दिले व निष्कर्ष कुठे प्रसिद्ध झाले? आणि चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे का? उत्तरात एकाही प्रश्नाला हात न लावता खर्चाचा तक्ता आला. मुलगा शहाणा होता, काय ते समजला. वडिलांच्या पित्तनलिकेत स्टेंट बसली, कावीळ उतरली, केमोथेरपी सोसेल तेवढी दिली. सात महिने मिळाले आणि त्यातले बहुतेक त्यांनी आपल्या अंगणात काढले.

हे तीन प्रश्न वाचकांनी लिहून ठेवावेत. सिद्ध न झालेल्या औषधासाठी रुग्णाने किंमत मोजावी, हे माझ्या मते योग्य नाही. आणि गाठीत ठेवायची औषधाची कांडी वा पट्टी अजून या रोगाचा नेहमीचा उपचार बनलेली नाही. ती कोणी विकत देऊ करत असेल तर दहा वेळा विचार करा. एखाद्या चाचणीत बसण्यासारखा रुग्ण असेल तर तसे कर्करोगतज्ज्ञच सांगू शकेल. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून हे काम करत आहे. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालेला माणूस सकाळी मुंबईत पोचतो. जाताना सगळे रिपोर्ट, स्कॅनची सीडी आणि तुकडा तपासणीचे ठोकळे सोबत न्यावेत, म्हणजे हेलपाटे वाचतात.

काविळीचा उतारा आणि हातातून जाणारे आठवडे

आता सर्वांत महत्त्वाचे. कांडी येईल तेव्हा येईल, आज आपल्या हातात काय आहे? स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ झाली की पित्ताची नळी दाबली जाते आणि कावीळ होते. पोट दुखत नाही, ताप नाही, पण डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरके आणि अंगाला खाज. हीच ती वेळ असते, जेव्हा काही रुग्णांची गाठ काढता येण्याजोगी असते. आणि नेमक्या याच वेळी आपल्याकडे माणूस काविळीचे औषध देणाऱ्याकडे जातो. कोणी नाकात थेंब घालतो, कोणी दंडावर डाग देतो, कोणी पाला वाटून देतो.

यांना यश येते असे वाटते, कारण दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुधा आपोआप तीन-चार आठवड्यांत उतरते. उतारा कोणी दिला नसता तरी ती उतरलीच असती. नळी दाबल्यामुळे झालेली कावीळ उतरत नाही, वाढत जाते. त्या उताऱ्याच्या नादात महिना-दीड महिना जातो आणि काढता येणारी गाठ काढता न येणारी होऊ शकते. जगातल्या कुठल्याही नव्या कांडीपेक्षा हा महिना वाचवणे आपल्या रुग्णाच्या अधिक उपयोगी आहे.

म्हणून चाळिशी-पन्नाशीनंतर न दुखता आलेली कावीळ, कारण नसताना उतरलेले वजन, पाठीकडे जाणारी व रात्री वाढणारी पोटदुखी, किंवा घराण्यात नसताना अचानक उद्भवलेला मधुमेह आणि सोबत रोडावणे, यांपैकी काही दिसले तर त्या आठवड्यातच सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन करून घ्यावा. यातल्या बहुतेकांना कर्करोग निघणार नाही, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. तंबाखू मात्र आजच सोडावी. या रोगाच्या ज्ञात कारणांत धूम्रपान ठळक आहे.

रोग पुढे गेला असेल तरी ‘आता काही उपाय नाही’ हे वाक्य कोणत्याही डॉक्टरने उच्चारू नये. स्टेंटने कावीळ व खाज उतरते, पाचक रसाच्या कॅप्सूलने अन्न अंगी लागते, मॉर्फिनने वेदना थांबतात. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळवणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. ते मागायला रुग्णाने लाजू नये आणि द्यायला डॉक्टरने कचरू नये.

पुढच्या वेळी कर्करोगावरच्या नव्या औषधाची बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी शोधा : प्रयोग उंदरावर की माणसावर, किती जणांवर, आणि तुलना कशाशी. या तिन्हींची उत्तरे बातमीत नसतील तर ती बातमी कापून ठेवा, पण सातबारा काढू नका.